दगड लावला का?

गेल्या नोव्हेंबरात अम्मीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. कोल्हापूरला माझी खाला राहते. तिच्या डोळ्यांचे काम जिथे झाले त्याच डॉक्टरांकडे तारीख घेतली, सोमवारची. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. कोल्हापूरला जायचे म्हणजे आंबा घाट चढणे आले. अम्मीचे म्हणणे एकच, "जाईन तर तुझ्या अब्बांच्या गाडीतून. दुसऱ्या गाडीत मला मळमळतं."

अब्बांची गाडी म्हणजे १९९७ सालची मारुती ८००. सौदीत दम्मामला अठरा वर्षे काढून ते कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. अब्बांना जाऊन आता बारा वर्षे झाली. मी शाळेत क्लार्क आहे. हप्त्यावर नवी गाडी घेता आली असती, पण अम्मी ही विकू देत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ती विकवत नाही. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, तेही आम्ही नेमाने करतो.

गाडी खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकाखाली 'टक्' असा आवाज येत होता. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. बुधवारी संध्याकाळी मी मामूंना बोलावले. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. वय बहात्तर. चाळीस वर्षे त्यांनी हमरस्त्यालगत गॅरेज चालवले. आता गॅरेज बंद आहे, पण हत्यारांची पेटी त्यांनी कुणाला दिलेली नाही. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. ती कशी गेली हे घरात सगळ्यांना माहीत होते, म्हणजे मामूंनी सांगितले तेवढे माहीत होते: जॅक घसरला.

मामूंनी चाकाच्या आत टॉमी घालून एक हिसका दिला आणि म्हणाले, "लोअर आर्मचा बुश फाटलाय. आर्म बदलायचा."

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुढच्या प्रत्येक चाकाला खालून धरणारा एक लोखंडी हात असतो, तो आर्म. त्याचे बाहेरचे टोक चाकाकडे आणि आतले टोक गाडीच्या सांगाड्याला एका आडव्या बोल्टने बांधलेले. आतल्या टोकाला रबराचा बुश असतो. रबराच्या मधोमध लोखंडी नळी आणि त्या नळीतून बोल्ट आरपार गेलेला. चाक वरखाली होते तेव्हा रबर पीळ घेते, बोल्ट आणि नळी जागच्या जागी राहतात. नवा आर्म बुशसकट मिळतो आणि फार महागही नाही. खरे काम असते ते जुना बोल्ट काढण्याचे.

आमच्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खाडीचा खारा वारा. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तिच्यात खारे पाणी शिरते, लोखंड गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. फट भरली की तो पाचर मारल्यासारखा आतून दाबत राहतो. पंचवीस वर्षांत बोल्ट आणि नळी असे एकजीव होतात की दोन वस्तू होत्या हेच कळत नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर काम सुरू केले. माझी मुलगी दहावीत आहे. तिला अभ्यासापेक्षा या पेटीचे वेड जास्त. मामूंना ती नाना म्हणते. जॅक लावण्याआधी मामूंनी विचारले, "दगड लावला का?"

"लावला, नाना," मुलगी म्हणाली. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून तिने दगड टेकवले होते.

मामू खुर्चीतून उठले, गाडीला वळसा घालून गेले आणि प्रत्येक दगडाला पायाने ठोकर मारून पाहिली. त्यातला एक जांभ्याचा होता, तो काढायला लावला. "जांभा चुरतो. काळा दगड आण. जॅकखाली तर जांभ्याची चीप किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक कधीच ठेवायचा नाही. तो आधी सांगून फुटत नाही."

"पण मी लावला होता ना!"

"लावलास. मी बघतोय."

मग गाडी उचलून सांगाड्याखाली लोखंडी घोड्या दिल्या आणि काढलेले चाकही आडवे करून गाडीखाली सरकवले. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. हे सगळे बघताना मी नेहमीसारखा दुसरीकडे पाहत होतो. कारण पुढे सांगतो.

पहिली चूक मीच केली. हाताला फिक्स पाना लागला, उघड्या तोंडाचा, तोच नटावर चढवून जोर केला. पाना सटकला आणि नटाचा एक कोपरा गोल झाला. माझी बोटे जाऊन आपटली. मामूंनी पाना काढून घेतला. "कुणी सांगितलं जोर करायला? आधी घासायचं."

बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून उजळ केले. डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून ते नटावर आणि बोल्टच्या डोक्यापाशी सोडले. बाजारात गंज सोडवणारा स्प्रे मिळतो, तोही मारला. मग हातोडीने हलके टकटक करायचे, म्हणजे थरथरीने तेल आत उतरते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "आज एवढंच," मामू म्हणाले. मला वाटले, तीन दिवस हातात आणि त्यातला एक नुसत्या टकटकीत गेला!

शुक्रवारी जुम्म्यानंतर नटाला रिंग पाना लावला. रिंग सहाही कोपरे धरते, सटकत नाही. पान्याला पाईप अडकवून दांडा लांब केला. मामूंनी आधी नट किंचित आवळायला सांगितला. सोडवायचा असताना आवळायचा! पण त्या किंचित हालचालीने गंजाची पकड मोडते. मग थोडा सोडायचा, तेल द्यायचे, परत थोडा आवळायचा. असे मागेपुढे करत नट सुटला. मी अल्हम्दुलिल्लाह म्हटले. मामू हसले, "नट तर बाहेर असतो. बोल्ट आत आहे."

बोल्टच्या डोक्याला पाना लावला तर तो चक्क फिरू लागला. पाव फेरा फिरला. मी खूश झालो. पाना सैल सोडला, तो आपोआप परत मूळ जागी आला. पुन्हा फिरवला, पुन्हा परत. बोल्ट फिरतच नव्हता. बोल्टसकट नळी फिरत होती, रबर पीळ खात होते आणि सोडले की उलगडत होते. कितीही जोर केला तरी तो सगळा रबर गिळून टाकत होते.

शनिवारी ठोकायचे ठरले. मामूंनी नट परत चढवून बोल्टच्या टोकाशी बरोबर ठेवला, म्हणजे घाव बसला तरी आटे पसरत नाहीत. शेजारी सांगाड्याच्या पत्र्याला मागून जड घण टेकवून धरला, म्हणजे घाव पत्रा दबण्यात वाया जात नाही. मग मोठ्या हातोड्याने नेमका घाव. दहा हलक्या घावांपेक्षा एक भरीव घाव बरा. दहा हलके घाव बोल्टचे टोक चेपून फुलवतात आणि मग तो भोकातून कधीच जात नाही. मी पंधरा-वीस घाव घातले. बोल्ट तसूभर हलला नाही.

रविवारी दुपारी माझा धीर संपला. म्हटले, गॅसवाल्याला बोलावू, लाल करू. मामूंनी नकार दिला. "नट तापवला असता. नट फुगतो, सुटतो. आत नळीभोवती रबर आहे. ते पेटेल. बाजूला ब्रेकचा होज, वरून आपण तीन दिवस डिझेल आणि स्प्रे ओतलाय. घरासमोर आग लावायची आहे का?" त्यांनी आणखी एक गोष्ट मुलीला सांगितली. शॉकअपला कधीच ज्योत लावायची नाही. त्यात बंद तेल असते, काहींत दाबलेला गॅसही. तापला तर फुटतो. आणि ज्या बोल्टवर जस्ताचा मुलामा असतो तो तापवला तर त्याचा धूर छातीत जातो.

मग मी म्हणालो ते आता लिहिताना लाज वाटते. म्हणालो, "मामू, नट आवळून चाक चढवू. हळू जाऊ. उद्या ऑपरेशन आहे. आल्यावर बघू."

मामू काही बोलले नाहीत. चाकाचे चार नट जमिनीवर ताटलीत ठेवले होते. ते त्यांनी उचलले, सदऱ्याच्या खिशात टाकले आणि खुर्चीत जाऊन बसले.

"बुश फाटलेला, नटाचा कोपरा गेलेला, बोल्टवर वीस घाव घातलेले," ते म्हणाले, "आणि याच्यावर माझ्या बहिणीला घाटात नेतोस? डॉक्टरची तारीख डॉक्टरला माहीत. बोल्टला माहीत नाही."

मला राग आला. चाळीशी ओलांडलेला माणूस मी, पण पोरासारखा घरात निघून गेलो. मगरिबनंतर गावातली एक भाड्याची गाडी ठरवली. अम्मीने तोंडात आवळासुपारी धरून घाट पार केला. ऑपरेशन नीट झाले. बुधवारी आम्ही परत आलो, अम्मी काळा चष्मा लावून.

मुलगी शाळेसाठी मागे राहिली होती, मामींकडे. त्या चार दिवसांत तिने एकदाही पाना हातात घेतला नव्हता. सकाळ-संध्याकाळ फक्त तेल आणि टकटक. गुरुवारी संध्याकाळी मामूंनी घण टेकवला, मी हातोडा घेतला. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. लोखंडावर काम केलेल्यांना हा आवाज कळतो. आधी ठण् वाजत होते, आता ठप् वाजले. बोल्टला पाना लावला. कर्र असा कोरडा आवाज आला, बोल्ट फिरला आणि परत आला नाही. फिरवत, ओढत, मागून पंचाने ठोकत तो बाहेर काढला. मधला भाग लालसर तपकिरी, खवले धरलेला आणि एका जागी कमरेसारखा बारीक झालेला. तो खड्ड्यात कधी तुटला असता हे अल्लाहलाच माहीत.

वाचकांनी यातून असा अर्थ काढू नये की तेल आणि धीर यांनी प्रत्येक बोल्ट सुटतो. नाही सुटत. मामूंनी हॅक्सॉचे नवे पाते आणून ठेवले होते. त्या दिवशीही जमले नसते तर बुश आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापणार होते. आर्म टाकूनच द्यायचा असल्यामुळे नुकसान काही नव्हते. काय टाकून द्यायचे आहे आणि काय राखायचे आहे हे आधी ठरले की कापायलाही भीती वाटत नाही. सांगाड्याचे भोक राखायचे होते. ते राहिले.

नवा बोल्ट आणायला मी हार्डवेअरच्या दुकानात निघालो होतो. मामूंनी अडवले. "कुंपणाचा बोल्ट आणि गाडीचा बोल्ट एक नाही." चांगल्या बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात, जसे ८.८. पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंत तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ओढ सोसतो. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. डोके कोरे असेल तर त्याची ताकद देणाऱ्यालाही माहीत नसते. शिवाय बुशच्या आत बसणारा भाग बिनआट्याचा लागतो. आट्यांवर भार आला की तिथूनच चीर पडते. म्हणून याच गाडीचा बोल्ट आणि नवा नट स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला. त्यासाठी आणखी दोन दिवस थांबलो. आता मी काही बोललो नाही.

बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावून नवा आर्म बसवला. नट नुसता टेकवला. शेवटचा आवळ मामूंनी गाडी खाली उतरवून, पुढची चाके जाड फळ्यांवर घेऊन, बॉनेट दोनदा दाबून मग द्यायला लावला. चाक हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर त्याच वाकड्या जागी बांधले जाते, गाडी खाली आली की कायम पीळ खात राहते आणि वर्षभरात फाटते. भार जसा रोज येणार तसा अंगावर घेऊनच आवळायचे. शेवटी अलाइनमेंट करून घेतली. 'टक्' आवाज गेला.

हे सगळे झाले तेव्हा असरची वेळ होत आली होती. आम्ही दोघे नळापाशी साबणाची पूड आणि वाळू घेऊन हात घासत होतो. मामूंचे अर्धे बोट माझ्या समोर. मी म्हणालो, "मामू, एक सांगायचं आहे. तो दगड मी लावला नव्हता."

१९८६ सालची मे महिन्याची सुट्टी. मी आठ वर्षांचा. मामूंच्या गॅरेजात एक प्रीमियर पद्मिनी आली होती. मागच्या पाट्याच्या शॅकलचा बोल्ट जाम झाला होता. मामूंनी मागून गाडी उचलली आणि मला सांगितले, पुढच्या चाकांना दगड लाव. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि ती चाके तर हवेत. पद्मिनीचे इंजिनही मागचीच चाके फिरवते, म्हणून गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. गाडी धरून ठेवणारा होता तो फक्त दगड. मी दगड उचलला, तेवढ्यात रस्त्यावर गोळेवाल्याची घंटा वाजली. दगड भिंतीपाशी ठेवून मी पळालो. आतून मामूंनी हाक मारली, "दगड लावला का?" मी रस्त्यावरूनच ओरडलो, "लावला!"

मामू बोल्टवर घाव घालत होते. गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक कलंडला. अब्बांनी त्यांच्यासाठी दम्मामच्या एका गॅरेजचा व्हिसा पाठवला होता. तो त्या बोटाबरोबर गेला. मामू कधीच परदेशी गेले नाहीत. माझ्या दोन्ही मामेबहिणींची लग्ने कर्जाने झाली. आणि मी जवळपास चाळीस वर्षे, जॅक लागला की दुसरीकडे बघत आलो.

मामूंनी हात धुवायचे थांबवले नाही. म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मला उचलून नेताना दगड भिंतीपाशी दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"राग होता. दोन वर्षं तुला ईदी दिली नाही, आठवतं?"

मला आठवत होते. मला वाटायचे, मामूंकडे पैसे नसतील. तसे मी म्हणालोही.

"पैसे नव्हतेच," मामू म्हणाले, "पण बाकीच्या पोरांना दिली." आणि ते हसले. मला हसू येईना. त्यांनी नळ बंद केला. "मग तू रोज शाळा सुटली की यायला लागलास. न सांगता पाने पुसायचास. एकदा तुला पाने पुसताना बघून मी विचार केला, आठ वर्षांचं पोर. त्याला दगड लावायला सांगितला मी आणि उठून बघितलं नाही, तेही मीच. गाडीखाली हात माझा जाणार होता, तर बघायचं कुणी?"

"पण मी खोटं बोललो."

"बोललास. त्याची माफी अल्लाहकडे माग. माझ्याकडची तेव्हाच झाली. फक्त तुला सांगायचं राहिलं." थोड्या वेळाने म्हणाले, "ते माझंही चुकलंच. तेव्हाच सांगितलं असतं तर तुझी इतकी वर्षं वाचली असती."

त्यांच्या या शेवटच्या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. त्यांनी माफ केले होते, मी पस्तावलो होतो, पण दोघांनी एकमेकांना सांगितले नाही म्हणून दोघेही अडकून राहिलो. आपल्या घराघरांत अशी किती माणसे असतील! कुणाची माफी मनात झालेली असते, कुणाचा पश्चात्ताप मनात झालेला असतो आणि जेवताना दोघे एका दस्तरखानावर बसून मिठाची वाटी पुढे सरकवतात. बाबांनो, तोंडाने सांगा.

मामूंचे दुसरे सांगणे अधिक साधे आहे आणि तेही इथे लिहून ठेवतो. मुलांवर काम सोपवा, विश्वास ठेवा आणि तरीही उठून बघा. बघण्यात अविश्वास नाही. ज्या कामावर कुणाचा जीव अवलंबून आहे ते लहान मुलाच्या एका 'हो'वर सोडणे, हा त्या मुलावरच अन्याय आहे.

पुढच्या महिन्यात उजव्या बाजूचा आर्म बदलायला घेतला. मामूंना आता वाकवत नाही, ते खुर्चीतूनच विचारतात, "दगड लावला का?" मुलगी म्हणते, "लावला, नाना." आणि मी उठून, गाडीला वळसा घालून, बघून येतो.